स्पॅनिश हॉरर सिनेमा : सारखे विचारले जाणारे प्रश्न

'आरईसी' किंवा 'एल ओर्फानातो' बघून झाला की ओळखीतल्या कुणाचा तरी मेसेज येतोच, अजून असलं काही आहे का आणि हे लोक एवढं भारी कधीपासून बनवायला लागले. दर वेळी वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवतोय. जिथे मला जास्त सांगायचंय तिथे उत्तर लांबलंय, बाकी पटकन उरकलंय.

स्पॅनिश हॉरर म्हणजे स्पेनचाच ना? मेक्सिकोचा पण धरायचा का?

इथे फक्त स्पेन. मेक्सिकोची हॉररची परंपरा वेगळी आणि मोठी आहे, ती यात कोंबली तर दोघांवर अन्याय होईल. १९३१ चा स्पॅनिश भाषेतला 'ड्रॅक्युला' पण स्पेनचा नाही, तो हॉलिवूडचा. युनिव्हर्सल स्टुडिओच्या सेटवर दिवसा इंग्लिशमधला ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचं शूटिंग व्हायचं आणि रात्री त्याच सेटवर दुसरं युनिट येऊन तोच सिनेमा स्पॅनिशमध्ये शूट करायचं. त्यातला ड्रॅक्युला झालेला कार्लोस व्हियारियास मात्र स्पेनमधल्या कोर्दोबाचा. गियेर्मो देल तोरो मेक्सिकन आहे, पण त्याचे दोन सिनेमे मी धरतो, कारण ते स्पेनमध्ये घडतात, स्पेनमध्येच शूट झालेत आणि त्यांचं दुखणंही स्पेनचं आहे. त्याबद्दल खाली येईलच.

मग सुरुवात कुठून धरायची?

हौसेने धरायची तर सेगुंदो दे चोमोनपासून. हा तेरुएलचा माणूस, १८७१ चा जन्म, पॅरिसला जाऊन पाथे कंपनीत ट्रिक फोटोग्राफी करायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याने एका झपाटलेल्या घराचा छोटा मूकपट केला, त्यात टेबलावरची सुरी आपोआप उठते आणि पाव कापायला लागते, कुणाचा हात नाही काही नाही, एकेक फ्रेम हलवून केलेलं काम. आज बघितलं तरी मजा येते. पण ते झालं फ्रान्समध्ये.

स्पेनच्या मातीतला म्हणायचा तर १९४४ चा एदगार नेव्हिलचा 'ला तोर्रे दे लोस सिएते होरोबादोस', म्हणजे सात कुबड्यांचा मनोरा. माद्रिद शहराच्या पोटात जमिनीखाली उलटा उतरत जाणारा मनोरा आहे आणि तिथे कुबड्यांची टोळी राहते. एका डोळ्याचं भूत जुगाराच्या टेबलाशी हजर होतं आणि हिरोला म्हणतं माझ्या पुतणीला सांभाळ. यादवी युद्ध संपून पाच वर्षंच झालेली, लोकांच्या पोटात अन्न नाही, आणि त्या काळात हा बाबा माद्रिदच्या खालचं दुसरं माद्रिद दाखवत होता. पण ही वाट पुढे कुणी चालवली नाही. तो एकटाच राहिला.

फ्रांकोच्या हुकूमशाहीत हॉररला परवानगी कशी मिळायची?

हाच प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

जनरल फ्रांकोची राजवट १९३९ ते १९७५. सेन्सॉर कडक आणि चर्चचा वचक मोठा. स्क्रिप्ट आधी दाखवायचं, मग सिनेमा दाखवायचा. पण सेन्सॉरने हॉररवर सरसकट बंदी घातली नाही, त्यांनी वेगळाच मार्ग काढला: भूत चालेल, फक्त ते आपल्या गावचं नको. स्पेन हा धार्मिक, शांत, सुरळीत देश, इथे राक्षस कसे असतील? मग काय, सगळ्यांनी आपापली भुतं परदेशात नेऊन ठेवली. दिग्दर्शक हेसुस फ्रांकोचा डॉक्टर ओर्लोफ फ्रान्समध्ये बायका पळवतो. पॉल नाचीने १९६८ मध्ये पहिला स्पॅनिश वेअरवूल्फ लिहिला, सेन्सॉर म्हणालं स्पॅनिश माणूस लांडगा होणार नाही, म्हणून तो पोलंडचा झाला, नाव वाल्देमार दानिन्स्की. आंधळे टेम्प्लर, म्हणजे मध्ययुगातले मेलेले धर्मयोद्धे, पोर्तुगालमध्ये उठतात. होर्हे ग्राउचे मुडदे १९७४ मध्ये इंग्लंडच्या शेतात उठतात, कीड मारायच्या मशीनच्या लहरींमुळे. ही नावं नुसती एकाखाली एक लिहिली तरी दिसतं काय चाललं होतं ते. घरातलं काही बोलायचं नाही, शेजारच्यांचं बोला.

मला वाटतं स्पॅनिश हॉररचा इतिहास म्हणजे हे घालवून दिलेलं भूत हळूहळू घरी कसं परत आलं त्याचीच गोष्ट आहे. पुढची उत्तरं वाचताना एवढं डोक्यात ठेवा.

अजून एक गोष्ट. एकाच सिनेमाच्या दोन प्रती निघायच्या, देशात दाखवायला अंगभर कपड्यातली आणि बाहेर विकायला कमी कपड्यातली. तोच सीन, तीच नटी, तोच कॅमेरा, दोनदा शूट. म्हणून जुन्या सिनेमांच्या दोन-तीन व्हर्जन सापडतात आणि लोक गोंधळतात.

हेसुस फ्रांको हा त्या हुकूमशहाचा नातेवाईक का?

नाही, आडनाव सारखं आहे एवढंच. हेसुस ऊर्फ जेस फ्रांको, माद्रिदचा, १९३० चा. १९६२ चा 'ग्रितोस एन ला नोचे' हा त्याचा, आणि स्पॅनिश हॉररची लाट याच सिनेमापासून मोजतात. जळलेल्या चेहऱ्याच्या मुलीसाठी सर्जन बाप, हाच तो डॉक्टर ओर्लोफ, बायका पळवून त्यांची कातडी काढतो अशी गोष्ट, दोन वर्षं आधीच्या एका फ्रेंच सिनेमाशी सख्खं नातं सांगणारी, पण सावल्या आणि तो डोळे वटारलेला आंधळा नोकर मोर्फो, ते त्याचं स्वतःचं. पुढे दीडशेच्या वर सिनेमे केले, त्यातले बरेच घाईघाईत केलेले, हे मी त्याचा चाहता असूनही सांगतो. ऑर्सन वेल्सबरोबर पण काम केलं. २००९ मध्ये त्याला मानाचा गोया, म्हणजे स्पेनचा सगळ्यात मोठा सिनेमा पुरस्कार, मिळाला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं, कारण आयुष्यभर त्याला कुणी दारात उभं केलं नव्हतं. २०१३ ला गेला.

पॉल नाचीबद्दल एवढं का बोलतात?

खरं नाव हासिंतो मोलिना, जन्म १९३४, माद्रिद. वेटलिफ्टर होता, राष्ट्रीय पातळीवरचा, म्हणून ती बुटकी रुंद बांधणी. लहानपणी थिएटरात हॉलिवूडचा वेअरवूल्फ बघितला आणि तो माणूस शेवटी मरतो म्हणून त्याला वाईट वाटलं, हे सगळं त्याच्या लिखाणात उतरलंय. १९६८ च्या त्या वेअरवूल्फच्या सिनेमाचं, 'ला मार्का देल ओम्ब्रे लोबो'चं स्क्रिप्ट त्याने लिहिलं, रोल हॉलिवूडचा वेअरवूल्फ झालेल्या लॉन चेनी ज्युनियरने करावा असं डोक्यात होतं, ते जमलं नाही, तर हाच मेकअप करून उभा राहिला. परदेशी विकायला स्पॅनिश नाव चालेना म्हणून पॉल नाची हे नाव घेतलं, पॉल हे पोपवरून आणि नाची हे हंगेरीच्या एका वेटलिफ्टरच्या नावावरून, असं तोच सांगायचा.

अमेरिकेत हाच सिनेमा 'फ्रँकनस्टाईन्स ब्लडी टेरर' म्हणून लागला आणि त्यात फ्रँकनस्टाईन नाहीच! वितरकाला फ्रँकनस्टाईनचा एक सिनेमा देणं भाग होतं, म्हणून सुरुवातीला कार्टूनचा तुकडा जोडून सांगितलं की या घराण्याचं नाव पुढे वुल्फस्टाईन झालं.

१९७१ चा 'ला नोचे दे वालपुर्गिस' तुफान चालला, दिग्दर्शक लेओन क्लिमोव्स्की, आणि मग बांध फुटल्यासारखे सिनेमे आले. नाचीचे सिनेमे बघताना बजेट कमी आहे हे सारखं दिसतं, धुकं जास्त आणि भिंती हलतात, पण दानिन्स्कीच्या डोळ्यात खरं दुःख असतं. त्याला चावायचं नसतं. आपल्यावर प्रेम करणाऱ्या बाईच्या हातूनच मरण यावं एवढीच त्याची इच्छा, आणि हे तो माणूस इतक्या मनापासून करतो की तुम्ही त्या हलणाऱ्या भिंती विसरता. २००९ मध्ये तो गेला.

ते घोड्यावरचे सांगाडे कोणत्या सिनेमातले?

आमांदो दे ओस्सोरियोचे टेम्प्लर. पहिला 'ला नोचे देल तेर्रोर सिएगो', १९७२ चा, मग १९७५ पर्यंत अजून तीन. मध्ययुगातले शूर सरदार सैतानाच्या नादाला लागले, लोकांनी त्यांना मारलं, पक्ष्यांनी डोळे खाल्ले, म्हणून उठले तरी त्यांना दिसत नाही, फक्त ऐकू येतं.

हे ऐकायला साधं वाटतं पण पडद्यावर काय होतं बघा. घोडे स्लो मोशनमध्ये धावतात, टापांचा आवाज लांबून येतो, मागे पुटपुटल्यासारखं गाणं. आणि पळणारी माणसं नॉर्मल स्पीडने पळतायत, तरी ते सांगाडे त्यांना गाठतात, तुम्हाला कळत नाही कसं गाठतात पण गाठतात. एक मुलगी हलायची थांबते, श्वास रोखते, आणि मग तुम्हाला तिच्या छातीची धडधड ऐकू येते. त्यांनाही येते. मी हे पहिल्यांदा रात्री हेडफोन लावून बघितलं आणि तेव्हा मला माझीच धडधड ऐकू यायला लागली होती.

त्या काळच्या स्पेनमध्ये जुने, मेलेले, धर्माच्या झग्यातले म्हातारे तरुण पोरांना आवाज केल्याबद्दल मारतायत, याचा अर्थ लोकांना कळला नसेल असं मला वाटत नाही.

'ला कबीना' हॉरर आहे का? अर्ध्या तासाची टीव्ही फिल्म आहे ना?

आहे, आणि माझ्या मते सगळ्यात भारी तीच. आंतोनिओ मेर्सेरो दिग्दर्शक, १९७२ च्या डिसेंबरमध्ये स्पेनच्या सरकारी टीव्हीवर लागली, पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय एमी मिळालं.

गोष्ट एवढीच. एक मध्यमवयीन, टक्कल पडलेला, मिशीवाला सद्गृहस्थ, पोराला शाळेच्या बसमध्ये बसवतो आणि चौकात नुकताच लावलेल्या लाल टेलिफोन बूथमध्ये जातो. फोन बंद. वळतो तर दार उघडत नाही. आधी तो हसतो, लाजतो. मग लोक जमतात. कुणी दार ओढतो, कुणी सल्ला देतो, एक धिप्पाड माणूस बाह्या सरसावतो, बघायला खुर्च्या आणतात. हे बघताना आपल्याला आपला चौक आठवतो, गाडी बंद पडली की जमणारी ती गर्दी. मग टेलिफोन कंपनीची माणसं येतात आणि बूथ त्याच्यासकट उचलून ट्रकवर ठेवतात, लोक टाळ्या वाजवतात, त्यालाही वाटतं सुटलो. ट्रक शहराबाहेर निघतो. सिग्नलला शेजारी दुसरा ट्रक थांबतो, त्यावर पण एक बूथ, त्यात पण एक माणूस. दोघं काचेतून एकमेकांकडे बघतात.

पुढचं नाही सांगत. एक थेंब रक्त नाही, भूत नाही. होसे लुइस लोपेस व्हास्केस हा त्यातला नट, स्पेनला तो कॉमेडीसाठी माहीत होता, आणि ती कॉमेडी चेहऱ्यावरून हळूहळू कशी उतरते ते बघाच. सरकारी चॅनलवर, फ्रांको जिवंत असताना, बंद दारामागे अडकलेला साधा माणूस दाखवला! हे नंतर स्पेनमध्ये इतकं भिनलं की बूथमध्ये गेलं की पाय दारात अडकवून ठेवायचे लोक.

चिचो कोण? हे नाव सारखं येतं.

नार्सिसो इबान्येस सेर्रादोर. १९३५ मध्ये मोंतेविदेओला जन्म, नटांच्या घरातला, पुढे स्पेनला आला. १९६६ पासून टीव्हीवर 'इस्तोरियास पारा नो दोर्मिर', झोप उडवणाऱ्या गोष्टी. घरोघरी मुलांना झोपायला पाठवून मोठे बघायचे आणि मुलं दाराच्या फटीतून बघायची, आणि नंतर दिग्दर्शक झालेल्यांची अख्खी पिढी त्या फटीतूनच घडली. पुढे त्यानेच देशातला सगळ्यात गाजलेला गेम शोही केला.

सिनेमे फक्त दोन. 'ला रेसिदेन्सिया' १९६९ चा, मुलींचं बोर्डिंग स्कूल, कडक बाई, कुलपं, खिडक्यांना खिळे, आणि अर्थातच तेही फ्रान्समध्ये. दुसरा १९७६ चा 'क्यिएन पुएदे मातार आ उन निन्यो', लहान मुलाला कोण मारू शकेल? फ्रांको नोव्हेंबर १९७५ ला मेला आणि पुढच्याच वर्षी हा आला. यात भीती पहिल्यांदा थेट स्पेनच्या उन्हात येऊन उभी राहते. इंग्लिश नवरा, गरोदर बायको, छोटंसं स्पॅनिश बेट, पांढऱ्या भिंती, भर दुपार, आणि गावात एकही मोठं माणूस नाही, फक्त मुलं, हसणारी. अंधार नाहीच कुठे. मुलं एक खेळ खेळतात, आपल्याकडे जत्रेत डोळे बांधून टांगलेलं मडकं फोडतात तसा, आणि मडक्याच्या जागी काय आहे ते नवऱ्याला दिसतं. सुरुवातीला आउशविट्झ, व्हिएतनाम, बियाफ्राची खरी दृश्यं आहेत, युद्धात मेलेल्या मुलांची. तो भाग मला दुसऱ्यांदा बघवला नाही. पहिल्यांदा बघायलाच हवा पण.

मग ऐंशीच्या दशकात सगळं गायब कसं झालं?

१९७७ ला सेन्सॉर गेलं. आता सगळं उघड दाखवता येत होतं, त्यामुळे लपवून सांगायची जी गंमत होती ती संपली. नाचीने १९७८ मध्ये 'एल उएर्तो देल फ्रान्सेस' केला, सेव्हिल जवळच्या पेन्याफ्लोरला खरोखर घडलेल्या खुनांवर, म्हणजे तोही घरी परतला होता, पण तोवर प्रेक्षक पांगलेले. १९८३ मध्ये पिलार मिरो या दिग्दर्शिका सिनेमा खात्याच्या प्रमुख असताना नवीन कायदा आला, आधी अनुदान आणि तेही दर्जेदार, साहित्यिक सिनेमांना. हेतू चांगला होता, पण स्वस्तात पटापट हॉरर बनवणारे छोटे निर्माते त्यात बसले नाहीत आणि संपले. तुरळक वेड्यांनी केलं काही, इव्हान सुलुएताचा 'आर्रेबातो' त्यातला, माणसाला गिळणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट. बार्सिलोनाजवळच्या सिचेसचा फेस्टिव्हल मात्र १९६८ पासून चालू होता तो चालूच राहिला, दर ऑक्टोबरला, आणि हॉररवेडी पोरं तिथे जमत राहिली.

परत कसं उभं राहिलं?

त्याच पोरांमुळे. १९९५ ला आलेक्स दे ला इग्लेसियाचा 'एल दिया दे ला बेस्तिया', एका बास्क पाद्र्याला हिशोबाने कळतं की सैतान ख्रिसमसच्या रात्री माद्रिदमध्ये जन्मणार, म्हणून तो हेवी मेटलच्या दुकानातल्या पोराला बरोबर घेऊन शोधायला निघतो. सहा गोया. पुढच्या वर्षी आलेहांद्रो आमेनाबारचा 'तेसिस', वय जेमतेम चोवीस, त्याच्याच युनिव्हर्सिटीच्या कॉरिडॉरमध्ये शूट केलेला, सात गोया. म्हणजे आता सैतान माद्रिदच्या ग्रान व्हिया रस्त्यावर आणि खुनी कॉलेजात. पोलंडला पाठवायची गरज उरली नाही. १९९९ ला जाउमे बालागेरोचा 'लोस सिन नोम्ब्रे', आणि २००१ ला आमेनाबारचा 'द अदर्स', निकोल किडमनवाला, इंग्लिशमध्ये असूनही आठ गोया घेऊन गेला. घडतो जर्सी बेटावर, पण ते घर स्पेनमधल्या कान्ताब्रियातलं आहे.

'पॅन्स लॅबिरिंथ' आणि 'एल ओर्फानातो' मध्ये सारखी लहान मुलंच का?

कारण यादवी युद्धात मेलेले हजारो लोक अजून रस्त्याकडेला, शेतात, खुणेशिवाय पुरलेले आहेत आणि कित्येक वर्षं घरात त्याबद्दल बोलायची सोय नव्हती. लोकशाही आली तीसुद्धा मागचं उकरायचं नाही अशा समजुतीवर. मग विचारणार कोण? पोरं. मोठे गप्प बसतात, पोरं विचारतात. १९७३ मध्येच व्हिक्तोर एरिसेने हे केलं होतं, छोटी आना तोर्रेन्त गावात आलेला फ्रँकनस्टाईनचा सिनेमा बघते आणि विचारते राक्षसाने त्या मुलीला का मारलं. (तीच आना मोठी होऊन 'तेसिस'ची हिरॉईन झाली.) देल तोरोच्या २००१ च्या 'एल एस्पिनासो देल दियाब्लो' मध्ये अनाथाश्रमाच्या अंगणात न फुटलेला बॉम्ब तसाच रुतून उभा आहे, सगळे त्याच्या आजूबाजूने जातायत. देशाचं याहून नेमकं चित्र मी बघितलं नाही. २००६ चा 'एल लाबेरिन्तो देल फाउनो', म्हणजेच 'पॅन्स लॅबिरिंथ', १९४४ मध्ये घडतो, तीन ऑस्कर मिळाले.

बायोनाच्या २००७ च्या 'एल ओर्फानातो' मध्ये युद्ध नाही, पण दडवलेली मेलेली मुलं आहेत आणि मूल शोधणारी आई. त्यात ती भिंतीकडे तोंड करून एक-दोन-तीन म्हणते आणि मागे वळते, आपण स्टॅच्यू खेळायचो तसाच खेळ. कॅमेरा तिच्याबरोबर वळतो आणि परत येतो, कट नाही. दर वेळी मागचं दार थोडं वेगळं. संगीत नाही, किंचाळी नाही. रडू येतं हो त्या सीनला, भीतीच्या आधी रडू येतं.

'आरईसी' मधली भीती खरी वाटते, ती कशी केली?

बालागेरो आणि पाको प्लाझा, २००७, बार्सिलोनाच्या मध्यवस्तीतली खरी बिल्डिंग. रिपोर्टर झालेली मानुएला व्हेलास्को खरंच टीव्हीवरची अँकर होती. कलाकारांना पूर्ण स्क्रिप्ट हातात दिलं नव्हतं, पुढे काय येणार ते बऱ्याच जणांना माहीत नसायचं. वरच्या अंधाऱ्या खोलीतली ती लांब हाडकुळी आकृती कॉम्प्युटरची नाही, हाविएर बोतेत नावाचा नट आहे, दोन मीटर उंचीचा. पुढचे भाग आले, अमेरिकन कॉपी पण आली, त्यात ही बिल्डिंग नाही. आणि मला वाटतं बिल्डिंगच महत्त्वाची आहे, तो गोल जिना, त्या शेजारणी, एकमेकांच्या तक्रारी, आणि बाहेरून सरकारने लावलेलं प्लास्टिक. परत एकदा उघडत नसलेलं दार.

'व्हेरोनिका' खरी घटना आहे का?

बीज खरं. माद्रिदच्या व्हायेकास भागात नव्वदीच्या सुरुवातीला एक मुलगी वारली आणि नंतर घरी आलेल्या पोलिसांनी स्वतःलाच न उलगडलेल्या गोष्टी अहवालात लिहिल्या, म्हणून ते गाजलं. बाकी प्लाझाने २०१७ मध्ये रचलेलं. त्या कुटुंबाचे फोटो शोधत बसू नका, त्यांचं दुःख आहे ते. सिनेमात बघायचं असेल तर ते बघा की आई बारमध्ये राबते आणि पंधरा वर्षांची पोर तीन भावंडांना उठवते, खायला घालते, शाळेत सोडते.

स्पेनमध्ये खरंच वेअरवूल्फ होता म्हणतात, ते काय?

होता, म्हणजे तसं म्हणणारा होता! गालिसियाचा मानुएल ब्लांको रोमासान्ता, फिरता विक्रेता. आपल्यावर शाप आहे, आपण लांडगा होतो, असं सांगत त्याने तेरा खून कबूल केले. आयार्रिसला खटला चालला, १८५३ मध्ये मृत्युदंडाची शिक्षा झाली, राणी इसाबेल दुसरीने ती रद्द करून जन्मठेप केली. सगळं सरकारी कागदावर. आणि बरोबर ११५ वर्षांनी त्याच देशाचं सेन्सॉर सांगतं स्पॅनिश माणूस लांडगा होत नाही. पेद्रो ओलेआने १९७० ला 'एल बोस्के देल लोबो' मध्ये नावं बदलून ही गोष्ट केली, पण तिथे शाप नाही, फक्त आजारी, गरीब, अडाणी माणूस आहे. आणि तो रोल कुणी केला असेल? लोपेस व्हास्केसनेच, टेलिफोन बूथवाल्याने. २००४ मध्ये प्लाझाने उघड 'रोमासान्ता' नावानेच सिनेमा केला.

अलीकडचं काय बघू?

कार्लोता पेरेदाचा 'सेर्दिता', २०२२. एक्स्त्रेमादुराचं गाव, कडक ऊन, खाटकाची जाड मुलगी, तिला छळणाऱ्या पोरींना कुणीतरी पळवून नेतं आणि ती बघते पण बोलत नाही. लाउरा गालानने त्यात जीव ओतलाय. 'एल ओयो' ('द प्लॅटफॉर्म') लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी बघितलाच. बास्क भाषेतला 'एर्रेमेन्तारी' पण बघा, लोहार सैतानाला पिंजऱ्यात कोंडतो ती लोककथा.

हिंदीत यांचे रिमेक झालेत का?

'द अदर्स'चा 'हम कौन है?', २००४, अमिताभ आणि डिंपल. बाकी जे आले, 'बदला', 'द बॉडी', 'दोबारा', ते सगळे ओरिओल पाउलोच्या सिनेमांवरून, आणि ते थ्रिलर, हॉरर नाहीत.

डब बघू की सबटायटल लावून?

नवे सिनेमे स्पॅनिशमध्येच, सबटायटल लावून. 'आरईसी' तर नक्कीच, त्यात शेजारी एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि त्या गलक्यातच अर्धी भीती आहे, डबमध्ये सगळे पाळी लावून बोलायला लागतात. सत्तरीतल्या सिनेमांचं वेगळं आहे, तेव्हा वेगवेगळ्या देशांचे नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि आवाज नंतर भरायचे, 'ला रेसिदेन्सिया' तर इंग्लिशमध्येच शूट झालाय, त्यामुळे तिथे मूळ आवाज म्हणून हट्ट धरू नका, जी प्रिंट स्वच्छ असेल ती घ्या. आणि 'ला कबीना' ला काहीच लागत नाही. त्या माणसाचा आवाज काचेबाहेर येतच नाही.